गिव्ह अपचा होकार

नांदुरा स्टेशनच्या बाकावर माझ्याजवळ एक नवराबायको बसले होते. मुलासाठी मुलगी पाहून परतत होते. मुलगा तिकिटं काढायला गेला होता. नवरा बोलू लागला.

"मुलीले लोक चाल म्हणतेत, सुई ओव म्हणतेत. आपल्या रंगरावानं इंग्रजी इचारलं."

"मास्तर हाय तो. दुसरं काय इचारन?"

"गिव्ह अप म्हणजे काय, म्हणे."

"गिव्ह म्हणजे देणं, अप म्हणजे वर, अन् दोन्ही मिळून सोडून देणं. एवढं तं म्याबी आज शिकलं."

"त्या कोकिळा पोरीनं आणखी सांगतलं. शरण गेलं तरी गिव्ह अप, डाक्टरनं आशा सोडली तरी गिव्ह अप."

"मंग हा म्हणे, वाक्य करून दाखव."

"अन् ते पोरगी मान खाली घालून म्हणते, जो तंबाखू गिव्ह अप करन, त्याच्याशीच मी लगन करीन. भर बैठकीत."

"तवा तुमी तंबाखू मळून राह्यले होते."

"मले थोडी म्हटलं तिनं? पोराले म्हटलं."

"हसले मात्र तुमीच सगळ्यात जास्त."

"हसू आलं, काय करू. बरं, माही तंबाखूची चंची कुठं हाय वो? खिशात नाही."

"तिथंच राह्यली. रंगरावानं आपली चंची पानाच्या तबकात ठेवली, म्या तुमची तिच्यावर ठेवली. विहीणबाईले सांगतलं, हाच आमचा होकार."

"मले न इचारता?"

"तुमी हसले ना."

"मंग आता घरापर्यंत मी काय चघळू?"

"हात करा इकडं. फुटाणे हायेत."