पहिल्याच दिवशी शाल

तुमच्या ऑफिसात स्वागताचं किट मिळतं म्हणता, तर आमच्या हैदराबादेतलं पहिलं किट ऐका. कॉम्प्युटरच्या कंपन्या तेव्हा नुकत्याच निघायला लागल्या होत्या आणि आमचे साहेब अमेरिकेहून आलेले. मला म्हणाले, "नवीन पोरं आली की पहिल्याच दिवशी हातात छानशी भेट पडली पाहिजे."

मी आबिड्सला गेले. दुकानदाराने विचारलं, "ऑफिस का फंक्शन है क्या, अम्मा?" मी हो म्हटलं. ऑफिसवाले नेहमी नेतात तेच त्याने बांधून दिलं. शाल, भिंतीवरचं घड्याळ आणि नारळ. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

सुहास नावाचा पोरगा रुजू झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे वडील गौलीगुड्याहून पिशवी घेऊन हजर. सरकारी खात्यातून रिटायर झालेले. पिशवी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "बाई, पोरगा कालच तर लागला. एका दिवसात असं काय चुकलं हो त्याचं?"

"काका, अहो हे स्वागत आहे."

"मलाही हेच दिलं होतं," ते म्हणाले. "त्यानंतर कुणी ऑफिसात घेतलं नाही."

शेवटी साहेबांनीच चहा पाजून त्यांची समजूत काढली. शाल आणि नारळ घेऊन ते गेले. घड्याळ ठेवून गेले, घरी तसंच एक आहे म्हणाले.

वर्षभरात सुहासला अमेरिकेत नोकरी लागली. साहेब म्हणाले, "जाताना त्याला काहीतरी द्यायला हवं. शाल वगैरे?"

मी म्हटलं, "दिलेली आहे."