भादव्याच्या आधीचा रविवार

माय-बहिणींनो, भावांनो, अन् पुढच्या खुर्च्या धरून बसलेल्या व्यापारी मंडळींनो. मी कावेरीबाई. दिगंबरभाऊच्या भज्याच्या हॉटेलाला लागून माझं बांगड्याचं दुकान. मारुतीच्या पारापुढं एवढी मानसं बघितली असती तर भाऊनं लगेच एक घाणा काढला असता. मला बोलता येईना. एरवी लय येतं, ते तुमाला ठाऊक हाय.

भाऊच्या घरच्या सुमनवैनी समोर बसल्यात. वैनी, मी बी तुमच्या जागी बसले होते. माझे मालक गेले तवा लोकं त्यायच्याबद्दल इतकं गोड बोलले, की मला वाटलं हे दुसऱ्याच कोण्या मानसाबद्दल बोलायलेत. म्हणून मी भाऊबद्दल नुसतं गोड बोलणार न्हाई. भाऊ हट्टी होता. चहात दूध दाखवायपुरतं घालायचा. अन् एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेवाचं ऐकायचा न्हाई.

त्यानं डोक्यात काय घेतलं होतं? कुत्रे.

आपल्या पिंगळीत कुत्री व्याली की आपण काय करतो? नर पिल्लू ठेवून घेतो, राखणीला. माद्या पोत्यात घालतो अन् पहाटं भाऊच्या हॉटेलापुढं सोडून येतो. कोण सोडायचं ते मला ठाऊक हाय, माझं दुकान शेजारीच हाय. भाऊ त्यायला दूध-पाव घालायचा. थोडी मोठी झाली की रस्त्यावर पळायची, अन् गाड्याखाली जायची. भाऊ उचलायचा, मागं खड्डा करायचा, पुरायचा. त्या दिवशी गिऱ्हाइकाशी बोलायचा न्हाई.

एक दिवस मला म्हणला, "कावेरीबाई, पुरून बेजार झालो. आता आपरेशनच करून टाकतो."

मी म्हणले, "या वयात? वैनीला विचारलंस का?"

लय हासला. म्हणला, "कुत्र्यायचं, बाई."

तवापासून बाजारच्या दिवशीचा भज्याचा सगळा गल्ला त्यानं कुत्र्यायच्या आपरेशनला काढला. पाटी लावली, 'आजचे भजे कुत्र्यांसाठी.' पहिल्या बाजारी कोणी खाईना. आमाला कुत्रं म्हणतो का, म्हणून रुसले. मी म्हणले, भाऊ, पाटी बदल. तो म्हणला, "कामून? मानूस चिडला की विचारायला येतो. विचारायला आला की मी सांगतो."

अन् त्यानं सांगितलं. तुमी बी ऐकलं. गिरणीवाले आले, किराणावाले आले, मोबाइलवाले, कटिंगवाले आले. ज्यानं त्यानं आपला एका एका बाजाराचा गल्ला दिला. मी बी माझ्या बांगड्यायचा दिला. औषधं आली, पिंजरे आले. परभणीचे जनावराचे डॉक्टर कबूल झाले. हा येणारा, परवाचा रविवार ठरला. अन् ह्या सोमवारी भाऊ गल्ल्यावर बसल्या बसल्या मान टाकून गेला.

आता बालाजीशेठ मघाशी काय बोलले? आपल्या व्यापाऱ्यायचे अध्यक्ष हायेत, त्यायचा मान हाय. ते म्हणले, सुतकात चिरफाड नको. तेरवी झाल्यावर बघू. अन् जमलेल्या पैशातून भाऊच्या नावानं बाजारात कमान करू. तुमी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या.

मला राग आलाय. लपवत न्हाई.

शेठ, तुमी शेतकऱ्याचं लेकरू. तेरवी झाली की कोणता महिना लागतो? भादवा. भादव्यात कुत्र्यायचं काय चालतं, ते मी बाईमानसानं माईकवर सांगू का? डॉक्टरनं भाऊला नीट सांगितलं होतं, भादव्याच्या आधी करा, मागून कुत्र्या गाभण राहिल्या की काम अवघड होतं. अन् डॉक्टर परत कधी मोकळे होतील, ते त्यायला बी सांगता येईना. मग तुमची कमान कशाला? तिच्याखालून पिल्लायची पोती न्यायला?

आता खरी गोष्ट सांगते. शेठनं भाऊला तेलाचे डबे दिले, बेसन दिलं. कधी हात आखडला न्हाई. पण भाऊ म्हणला, शेठ, रविवारी तुमचा टायगर बी आणा. शेठ म्हणले, "टायगर न्हाई. त्याचा रुबाब जाईल. तुमी माद्यायचं करा ना."

एकटे शेठच असं म्हणले का? सगळेच म्हणले. गिरणीवाल्याचा मोती न्हाई, सरपंचाचा शेरू न्हाई. पैसे घ्या, कुत्रं मागू नका. माद्या आणा, नराला हात लावू नका. हे मला नवं न्हाई. आपल्या गल्लीतल्या सगळ्या बाया आपरेशन करून, पोट धरून जीपमधून घरी आल्या. गड्यायपैकी कोण गेलं होतं? हात वर करा.

बगा. मौन आत्ताच सुरू झालं.

हासू नका. वैनी हासल्या तर हासा.

सकाळी मी वैनीच्या घरी गेले होते. म्हणले, वैनी, लोकं सुतक म्हणायलेत. तुमी म्हणाल तसं. वैनी म्हणल्या, "मी कढई ठेवणार न्हाई. भट्टी पेटवणार न्हाई. पण हॉटेलामागचं शेड मी काल झाडून घेतलंय. सुतक मला हाय बाई, कुत्र्यायला न्हाई."

ज्या बाईचं कपाळ सोमवारी मोकळं झालं, तिनं शेड झाडलं. अन् आपण कमानीचा रंग ठरवायलो.

माझं झालं. आता सगळे उभे राहा. म्हाताऱ्यायनं बसूनच ऱ्हावं. डोळे मिटा. भाऊचा चेहरा समोर आणा, कपाळावर पीठ लागलेला, तसाच. चेहरा आला की त्याला सांगा, परवा तुमी तुमचं कुत्रं घेऊन येणार का न्हाई. मोठ्यानं सांगू नका. मला ऐकायचं न्हाई, शेठला बी न्हाई. त्यालाच सांगा.

खोटं बोलायचं असलं तर त्याच्या तोंडावर बोला.

मिटा डोळे.