लाल खुर्ची

हॅलो?… कोण?… करुणा! थांब थांब, हात हळदीचे हायत, नीट धरू दे… हां, बोल. केनियातून बोलून राहिली ना? मग येवढं हळू काहून?

जवळा बाजार गावातल्या आपल्या अंगणात, ओल्या हळदीच्या ढिगापाशी बसल्या बसल्याच गोजरबाईनं फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला. शेजारची करुणा चर्चच्या अकरा जणांबरोबर बारा दिवसांच्या सेवेला परदेशी गेली, त्याला आज सहावा दिवस. सहा सरले, सहा उरले, आणि तिचा फोन आज पहिल्यांदा आला. याचा अर्थ गोजरबाईला कुणी सांगायला नको होता.

घरचं बेस हाय… सूर्यकांतला काय होतंय? नवरा हाय तुहा, लेकरू न्हाई. काल वरण केलं त्यानं… व्हय, सोताच्या हातानं! मीठ घालायचं राहिलं. मग आला वाटी घिऊन. मला वाटलं मीठ मागतो, तर भाजीच मागितली… कोंबड्या? सात. सकाळी सोडल्या तवा सात, दिवेलागणीला कोंडल्या तवा सात… अगं, मी मोजते ना! बरं, आता खरं सांग. कोंबड्या विचारायला केनियातून कुणी फोन करत न्हाई.

…काय?… या शुक्रवारी?… पास्टर साहेबाला सांगून बी टाकलं?… म्हंजे नुसतं विचारलं. तिकीट अजून बदललं न्हाई ना?… हां. मग बोल. काहून येती?… रडून राहिली का सर्दी झाली?

ऐकते… हो, हो… गडी माणसं शाळेच्या भिंती बांधून राहिले, बरं… पोरं रंग देऊन राहिले… आन् तुला सैपाकाकडं देलं, तिथल्या बायांसंगं. मग चांगलंच हाय की!… कामच देत न्हाईत?… मग काय देतात?… खुर्ची?

हळद मोडणारा गोजरबाईचा हात थांबला.

कसली खुर्ची?… लाल. पलास्टिकची. त्यांच्या घरची हाय का ती?… बघ! शेजारून मागून आणली. माह्याकडं पाहुणे आले की मी तुह्या घरून आणते, तशी. आन् तू चार दिवस तिच्यावर बसून हायस?… विचारते रोज, हाताच्या खुणा करून. बरं. आन् त्या हसतात, आन् चहा देतात… किती कप?… दिवसाला पाच! चार दिवसांचे वीस कप. अगं, सेवा करायला गेली का करून घ्यायला?

…हसली ना? हास थोडी.

ठाऊक हाय गं, सगळं चर्च उभं राहिलं व्हतं तुह्या प्रार्थनेला. मी बी व्हते की मागच्या बाकावर. तिसऱ्यांदा उभी राहिले तवा गुडघा धरला माहा… न्हाई, कुणी हसणार न्हाई तुला… बरं, हसतील एकदोघं. पन ते तू गेली तवा बी हसले व्हते. अगं ऐक ना. मी काय म्हनते ते ऐक.

तू लग्न होऊन आली, त्या सालचं सांगते… चौदा वर्षं झाली, व्हय. अशीच हळद पडलेली अंगणात. तू फाटकापाशी उभी. "काकू, काही करू का?" मी म्हनले, "बसा ना मॅडम." खुर्ची देली… मीच देली की! शिकलेली पोरगी, चर्चवाल्यांची सून, ती कशाला हात पिवळे करील? दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठ दिवस, दिवसातून दोनदा. सोळा वेळा इचारलं तू, आन् सोळा वेळा मी तुला बसवलं… मोजलं म्हंजे? मोजलंच!

मग नवव्या दिवशी काय केलं तू?… सांग ना… विसरली? मी न्हाई विसरले. इचारलंच न्हाई तू. चपला काढल्या, माह्या बाजूला मांडी घातली, आन् हळकुंडं मोडाया लागली. कोपरापावेतो पिवळी झाली. मी काय म्हनले?… काहीच न्हाई म्हनले. सरकून जागा देली. त्या दिवसापासून कधी 'मॅडम' म्हनलं का तुला?

गोजरबाईनं एक जाडजूड गड्डा उचलला, फोनजवळ नेला आणि कट्कन मोडला.

ऐकू आलं?… हां. इचारलं की माणूस पाहुणं होतं, पोरी. आता त्या बाया काय करून राहिल्या?… शेंगा सोलून. कशाच्या?… राजम्यावानी. शेंगा येतात ना तुला सोलता? मग ऊठ… त्यांना काय वाईट वाटतं? चार शेंगा जादा सोलल्या म्हनून कुणाला वाईट वाटलं का आजवर? ऊठ आधी खुर्चीतून… उठली? चपला काढ… बस खाली. कुणाजवळ?… म्हातारीजवळ? बराबर. घाल तिच्या टोपल्यात हात… हसून राहिल्या? हसू दे. आमी बी हसलो व्हतो.

…कोण बोलतंय? म्हातारी? दे, दे… हॅलो! राम राम बाई… व्हय… व्हय… न्हाई, आमच्याकडं हळद चालू हाय… व्हय. पोरगी गुणाची हाय बघा, फक्त चहा नका देऊ तिला आता!… व्हय, व्हय… द्या फोन तिच्याकडं.

…काय म्हनली गं ती?… तुला बी न्हाई कळलं? मग झालं तर, मी एकटीच अडाणी न्हाई.

बरं, शुक्रवारचं काय सांगू सूर्यकांतला?… हॅलो?… करुणा? शुक्रवारचं म्हनते मी…

फोन तिकडं जमिनीवर पडला असावा. शेंगा फुटल्याचे टिचटिच आवाज येत होते. मध्येच कुणीतरी खळखळून हसलं, आणि त्यात करुणाचं हसू गोजरबाईनं बरोबर ओळखलं. तिनं कान देऊन मोजलं. वीस शेंगा झाल्या, आणि एकदाही खंड पडला नाही. चहाची फेड तर झाली, असं मनाशी म्हणत तिनं पिवळ्या बोटानं फोन कापला आणि कुंपणावरून हाक मारली,

"सूर्यकांत, ए सूर्यकांत! अजून सहा दिवस हायत रे. वरणात मीठ घालायचं ध्यानात ठिव!"