जोह्याचा गाळा

"हॅलो? … हां, रोहिणी, बोल गो. … नाय, गणपतीच्या कारखान्यात नाय. रोह्याच्या पलीकडं, अष्टमी गावात आलेय. … अगं हो, अष्टमीलाच! त्या दोन खोल्या बघायला. तू नको म्हणालीस ना, त्याच."

बायजाआत्या जिन्याच्या कठड्याला टेकली. जोह्याहून पेण, पेणहून रोहा, मग पूल ओलांडून पायी, आणि वर दोन मजले. दम अजून बसला नव्हता.

"एकटीच आले. … पडले नाय, झडले नाय. … तुझी जेवणाची सुट्टी झाली ना? मग खात खात ऐक. जोह्याच्या गाळ्याचं टोकन त्या एजंट निलेशला संध्याकाळी द्यायचंय ना? … अजून दिलं नाय? बरं झालं."

"व्हय, गाळा मोठा हाय. मला सांगतेस? बारा वर्षं मी त्यातच गणपती रंगवते. … महिन्याला आठ हजार? निलेश म्हणाला? … आणि तू बारानं गुणलंस. शहाणी माझी! आमच्याकडं भाडं महिन्याला नाय गो मिळत. गणपती विकले की मिळतं, वर्षाचं एकदम. नाय विकले तर मालक चहा पिऊन परत जातो."

"भाडं नाय दिलं तर बाहेर काढेन म्हणतेस? … कसं? हंगामात आत दीडशे गणपती बसलेले. कुलूप लावशील त्यांना? … हसतेस काय! आमच्या मालकानं दोनदा कुलूप आणलं. दोन्ही वेळा हात जोडून गेला."

"आणि भाडेकरू कोण? मी. आत्याकडं भाडं मागायला तोंड उघडेल तुझं? … अगं ऐक ना… ऐक तर. तू गाळा कशापायी घेतेस ते मला कळत नाय व्हय? दुसऱ्यानं घेतला तर आत्या रस्त्यावर येईल, असंच ना?"

आत्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"रडू नको. डब्यात पडेल. … सात वर्षं शिफ्टा करून साठवलंस. पहिलीच जागा घेतेस, तर ती तुला पोसेल अशी घे. … इथं बाजूला फरझाना राहते, नवरा मस्कतला. तिनं चहा पाजला, सगळं सांगितलं. पाणी सकाळी दोन तास, पण रोज. कंपनीतली पोरं भाड्यानं खोली विचारत तिच्याच दारात येतात. … नाय, अगदी चांगलं नाय. मागच्या खोलीत कोपऱ्याला ओल हाय, बोट लावून बघितलं मी. तेवढे पैसे कमी कर म्हणावं मालकाला. कागद आधी वकिलाला दाखव, मग टोकन."

"नाय… नाय गो. तू कितीही हट्ट कर, आता झालं ते झालं. … काय म्हणजे? यंदाचे गणपती सगळे गेले, गाळा झाडून घेतला, आणि आज सकाळी किल्ली मालकाला देऊन आले."

आत्याने फोन कानापासून वीतभर लांब धरला.

"ओरडून झालं? … मूर्तीवाल्या केरूशी बोललेय मी. मूर्ती त्याच्या, रंग त्याचा, मी नुसते डोळे आखणार. डोळे आखायला गाळा कशाला? एक पाट आणि दारातला उजेड, बस. … हात? हात नाय थरथरत. ओझं उचलवत नाय दोन वर्षं झाली. … नाय सांगितलं. सांगितलं असतं तर तू अजून मोठा गाळा घेतला असतास."

"चारला सुटतेस? … मग ये. थांबते मी. इथला मालक पाचला येणार हाय. … नाय, मी नाय बोलणार त्याच्याशी. घर तुझं, भाव तू कर. मी बाजूला उभी राहीन. … घाबरलीस तर पदर धर, लहानपणी धरायचीस तसा. … ठेव आता. … तू ठेव ना आधी. … बरं बाई, मीच ठेवते."