कळशीतली तांबडी बी

ऑस्टिन : अरे, आज मैदान भिजवायची पाळी माझ्या घराची ना? तू कशाला पाइप धरून उभा? चर्चमधली मिस्सा सुटली तसा धावतच आलो मी.

चंद्रहास : धावत कुठला? शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडलेली नाही.

ऑस्टिन : बरं बाबा, चालत आलो. दे इकडे पाइप.

चंद्रहास : असू दे. लवकर जाग आली. म्हटलं, विहीर आपली, पंप आपला, मैदान अजून बुधवारपर्यंत आपलं. भिजवून घेऊ.

ऑस्टिन : काल संध्याकाळी तीनदा फोन केला तुला. उचलला नाहीस.

चंद्रहास : हात चिखलात होते.

ऑस्टिन : तिन्ही वेळा?

चंद्रहास : तिन्ही वेळा. पानवेलीला खत घालत होतो. तुझ्यासारखी कंपनीची पेन्शन नाही मला.

ऑस्टिन : चिडू नकोस रे माझ्यावर. मैदान मागणाऱ्या त्या बिल्डर शेठला हो म्हणणारे अकरा वाल, नको म्हणणारे दहा चिंचोके. एका घराने घात केला बघ. सदतीस वर्षांचा रहाट क्लब एका वालापायी गेला.

चंद्रहास : गेला कुठे? मैदान इथेच राहणार. फक्त नव्याण्णव वर्षं शेठचं.

ऑस्टिन : आणि क्लबचं नाव कोस्टल किंग्ज. किंग्ज! आपल्या गास गावात राजा कोण होता रे कधी? छातीवरचा रहाट जाणार, तिथे कसला तरी वाघ येणार म्हणे. जर्सी काळी आणि सोनेरी.

चंद्रहास : काल तूही असंच बोललास. छान बोललास. "एकवीस घरांनी आपापल्या शेताचा एकेक तुकडा सोडला, बांध मोडले, तेव्हा हे मैदान झालं. माझ्या बापाचा तुकडा तिकडच्या पेनल्टी बॉक्सात आहे. बाप विकायचा असतो का?" शेठचा माणूस पाणी मागायला लागला.

ऑस्टिन : मनापासून बोललो.

चंद्रहास : टाळ्याही मनापासून पडल्या. म्हणून तर मी निर्धास्त होतो. शुक्रवारी घरोघरी फिरलो. अकरा घरं नको म्हणाली. तुझं-माझं धरून अकरा. शनिवारी घरटी एक वाल, एक चिंचोका मीच वाटला, मीच मोजले. कळशीतून चिंचोके निघाले दहा.

ऑस्टिन : तेच म्हणतो मी. कोणीतरी तोंडावर एक बोलला आणि मूठ उघडताना दुसराच झाला.

चंद्रहास : तुला कोण वाटतं?

ऑस्टिन : आता नाव कशाला घ्यायचं? गावात राहायचंय.

चंद्रहास : इथे तू, मी आणि हे गवत. घे की.

ऑस्टिन : पांडुरंग.

चंद्रहास : पांडुरंग?

ऑस्टिन : त्याच्या मुलाने बोळिंजला शेठच्याच टॉवरमध्ये फ्लॅट घेतलाय ना. आणि मत द्यायच्या वेळी त्याचं काहीतरी भलतंच असतं. आठवतं? जर्सी हिरवी की पिवळी ठरवायची होती, तेव्हा गड्याने कळशीत सदऱ्याचं बटण टाकलं होतं.

चंद्रहास : आठवतं ना. मीच वर धरून दाखवलं होतं सगळ्यांना. वाल किंवा चिंचोका, तिसरं काही निघालं तर बाद. हसून हसून सभा मोडली होती.

ऑस्टिन : तोच तो. त्याचा भरवसा नाही.

चंद्रहास : काल सभेनंतर पांडुरंग माझ्या ओट्यावर येऊन रडला, ऑस्टिन. अडुसष्ट वर्षांचा माणूस. म्हणाला, "चंदू, कामणकडच्या त्या क्लबचं झालं तसंच आपलं करणार हे." तिथेही असाच एक मालक आला होता. दोन वर्षं बँड लावून मॅचेस. तिसऱ्या वर्षी त्याचं मन कबड्डीवर बसलं. आता गोलपोस्टच्या जागी गोदाम आहे.

ऑस्टिन : सगळे मालक तसे नसतात रे. टीव्हीवर बघतोस ना माझा तो निळा क्लब? वर्षानुवर्षं तळाशी होता. तेलवाल्यांनी घेतला आणि आता कपाटात कप मावत नाहीत.

चंद्रहास : काल तर म्हणालास बाप विकायचा नसतो.

ऑस्टिन : मी आपलं उदाहरण दिलं.

चंद्रहास : तुझ्या त्या क्लबचे कप उचलणारे अकरा जण, त्यातला एक तरी त्यांच्या गल्लीतला आहे का? आपली पोरं बघ. तिसऱ्या डिव्हिजनमधून दुसऱ्यात यायला अकरा वर्षं लागली. लागू देत. चर आपण खणला, म्हणून जूनमध्ये तळं होत नाही. मुलींची टीम सहा जणींवर सुरू केली, आता चौतीस येतात. एक एक वीट आपल्या हाताने ठेवली. शेठ कृत्रिम गवत अंथरणार, वर जाळी लावणार आणि तासाच्या भाड्याने देणार. सकाळी सहाला फुकट खेळणारी पोरं कुठे जाणार? स्टेशनला?

ऑस्टिन : मला कशाला सांगतोस? मी तुझ्याच बाजूचा आहे. त्या बघ वहिनी आल्या.

आशालता : अहो, सकाळपासून पोटात काही नाही, निदान भाकरी तरी खा. ऑस्टिनभाऊ, तुम्ही असणार हे ठाऊक होतं, दोघांचं आणलंय. तांदळाची भाकरी आणि कालचं बिरडं. मुरलंय छान.

ऑस्टिन : वहिनी, तुमच्या हातचं बिरडं म्हणजे आमची रोवेनासुद्धा हात टेकते.

आशालता : त्या बिरड्यानेच तर घोळ केला काल. सभा आहे हे विसरूनच गेले मी. डब्यातले सगळे वाल भिजत घातले. हे मागायला आले तर तळाशी कोरडे वीसच दाणे. मोड आलेले कसे द्यायचे मताला?

ऑस्टिन : मग?

आशालता : मग काय, एक माझ्या बियाण्यातला दिला. घेवड्याची तांबडी बी. माझ्या आईकडची जात आहे ती, एकच दाणा राहिला होता. बरं, आता ती तुम्हीच द्या परत. खिशात असेल ना?

ऑस्टिन : माझ्या?

आशालता : ह्यांनी सांगितलं नाही का तुम्हाला? कमाल आहे. तांबडी बी कळशीत पडली तर कुणाची ते कळणार, मत गुप्त राहणार नाही. म्हणून मीच म्हटलं, ज्याचा वाल कळशीत जाणारच नाही अशा माणसाला द्या. हे क्षणभरसुद्धा थांबले नाहीत. म्हणाले, मग ऑस्टिनलाच देतो.

ऑस्टिन : हां... हां, बरोबर. ती ना. काल दुसरा शर्ट होता वहिनी. घरी असेल त्याच्या खिशात.

आशालता : मग रोवेनाला फोन करा आधी. रविवारचे कपडे धुवायला टाकते ती. भिजली की फुगली.

ऑस्टिन : करतो ना. घरी गेलो की लगेच बघतो.

(चंद्रहास पाइप गवतात ठेवतो आणि खिशात हात घालतो.)

चंद्रहास : कुणाला फोन करू नकोस. ही घे, आशा. पेर.

आशालता : अहो, ही तुमच्याकडे कशी? यांना दिली होती ना? तुम्ही तर फक्त कळशीतले दाणे मोजायला घेतलेत...

चंद्रहास : हो.

आशालता : अगंबाई.

ऑस्टिन : वहिनी, मी सांगतो...

आशालता : मला नका सांगू, ऑस्टिनभाऊ. दोघांची भाकरी बांधताना मी म्हटलं होतं, आज दोघेही उदास असतील, सोबतीने तरी दोन घास खातील. अहो, डबा ठेवून जाते. रिकामा करून आणा, नाहीतर तसाच आणा.

ऑस्टिन : वहिनी! ...गेल्या. तू बोल तरी, चंदू. शिव्या दे.

चंद्रहास : शिव्या कालच देऊन झाल्या. पानवेलींना.

ऑस्टिन : मी मूठ उघडून बघितलीच नाही. खिशातच चाचपला. गुळगुळीत मोठा तो चिंचोका, दुसरा तो वाल. रंग कुठे कळतो बोटांना?

चंद्रहास : म्हणजे चुकून नाही पडली.

ऑस्टिन : नाही. चुकून नाही.

चंद्रहास : एवढं तरी खरं बोललास. शेठने काय दिलं?

ऑस्टिन : माझी शपथ, मला काही नाही दिलं. स्टेफीला त्यांच्या ॲकॅडमीत जागा देणार आहेत. राहणं, शाळा, गोलकीपरला वेगळा कोच. पत्र देतो म्हणाले.

चंद्रहास : स्टेफीला.

ऑस्टिन : नात आहे माझी. बाप तिचा कुवेतला, आई नोकरीला. आठवड्यातून तीनदा पहाटे साडेचारला उठून अंधेरीला जाते पोर, कारण इथे तिला शिकवायला माणूस नाही. बसमध्ये पुस्तकं उघडते. तुझं हळूहळू सगळं खरं आहे रे. चर खणू, वीट ठेवू, दहा वर्षांनी पहिल्या डिव्हिजनमध्ये जाऊ. पण ती सतरा वर्षांची एकदाच होणार. तुझ्या दहा वर्षांत तिचं खेळणं संपून लग्न होईल.

चंद्रहास : हे काल सभेत बोलायचं होतंस.

ऑस्टिन : कुणी ऐकलं असतं?

चंद्रहास : मी ऐकलं असतं. भांडलो असतो, दोन दिवस बोललो नसतो, पण ऐकलं असतं. कदाचित म्हटलं असतं, एकवीस घरं मिळून तिच्यासाठी कोच आणू. पहिले ग्लोव्हज तिला या मैदानावर मिळाले ऑस्टिन, माझ्या लेकीचे, संपदाचे जुने. बोटांत कापूस भरून घातले होते तिने. ती काय फक्त तुझीच आहे?

ऑस्टिन : लाज वाटली मला. क्लबचा अध्यक्ष मी. बापाचा तुकडा पेनल्टी बॉक्सात. कोणत्या तोंडाने सांगू, मला हवंय म्हणून?

चंद्रहास : म्हणून भाषण ठोकलंस. आणि मग खिशात हात घालून वाल चाचपलास.

ऑस्टिन : मला काय ठाऊक एकाच मताने जाईल! वाटलं, माझा एक वाल पडला तरी तुम्ही जिंकालच. स्टेफीसाठी काही केलं नाही ही टोचणी राहणार नाही, आणि क्लबही राहील... थांब. थांब जरा. तांबडी बी निघाली ना कळशीतून?

चंद्रहास : निघाली.

ऑस्टिन : मग ती बाद! पांडुरंगच्या बटणासारखी बाद. दहा वाल, दहा चिंचोके. आणि बरोबरी झाली की जुनं आहे तेच राहतं, हा नियम तूच लिहिलायस. चंदू, तू अकरा का म्हणालास?

चंद्रहास : बाद करायची तर वर धरून दाखवावी लागते. दाखवली असती तर जो तो म्हणाला असता, आमचा पांढरा होता. वीस घरांचे पांढरे निघाले असते. मग सगळे वळून तुझ्याकडे बघत राहिले असते. भाषण करून अजून घाम पुसत होतास तू.

ऑस्टिन : म्हणून मुठीत धरलीस.

चंद्रहास : धरली आणि अकरा म्हणालो. सदतीस वर्षांत पहिल्यांदा खोटं मोजलं. आशाला कुठल्या तोंडाने सांगणार होतो?

ऑस्टिन : माझ्यासाठी एवढं...

चंद्रहास : मला वाटलं, काहीतरी असेल. संध्याकाळी येशील आणि सांगशील. फोन नाही उचलला, कारण म्हटलं, फोनवर माणूस पटकन खोटं बोलतो. समोर उभा राहिला की नाही बोलणार. तू समोर आलास आणि पांडुरंगचं नाव घेतलंस.

ऑस्टिन : चुकलं माझं. चंदू, अजून वेळ गेलेली नाही. सह्या बुधवारी आहेत ना? मी सांगतो सगळ्यांना. माझी बी होती, तांबडी होती, बाद करा. जे बोलायचं ते बोलू देत मला.

चंद्रहास : सांगशील?

ऑस्टिन : सांगतो म्हटलं ना.

चंद्रहास : मग आत्ताच चल. पांडुरंगच्या घरापासून सुरुवात करू. पंप बंद करतो.

ऑस्टिन : आत्ता?

चंद्रहास : रविवार आहे. सगळे घरी आहेत.

ऑस्टिन : आत्ता लगेच नको... स्टेफीचं पत्र एकदा हातात येऊ दे. मग सांगतो. देवाशपथ सांगतो.

चंद्रहास : पत्र कधी मिळणार?

ऑस्टिन : ...सह्या झाल्यावर.

चंद्रहास : हं.

ऑस्टिन : चंदू, असा बघू नकोस. दे, पाइप तरी दे. आज पाळी माझ्या घराची आहे.

चंद्रहास : राहू दे. तुझ्या बापाचा तुकडा मी सकाळी सगळ्यात आधी भिजवला.