आमच्या क्लबाचा बैल

आमच्या समाजसेवेच्या क्लबानं बैल कसा घेतला, ते सांगतो. इंग्लंडातल्या एका बाजारगावच्या क्लबाचा पाहुणा शिरूरला आला होता. आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. त्यांनी त्याला बैलबाजारात नेलं आन् तिथल्या माईकवरून बाजाराचा इतिहास सांगितला, "इथं रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो. ठरलेला सौदा आजवर कुणी मोडला नाही!"

हेच इंग्रजीत सांगितल्यावर पाहुण्याला लई गंमत वाटली. त्यानं बैलवाल्या आबांच्या रुमालाखाली हात घातला आन् हसत हसत बोटं दाबली.

"दिला!" म्हणत आबांनी कासरा डॉक्टरांच्या हातात ठेवला.

"अहो आबा, पाहुणा आहे तो! त्याला काय कळतंय?"

"पर पाहुणा तर तुमच्या क्लबाचाच हाय न्हवं? का इतिहास खोटा हाय? तसं सांगा, माईक चालूच हाय."