कॉफीच्या बंबाचं कुलूप

मार्लिस : अगं, ढकल ना जोर लावून!

व्हर्ना : काय ढकलू? प्लगच्या चपट्या पितळी पट्टीला भोक आहे ना, त्यात कुलूप अडकवलंय. बॅगेला लावतात तसलं. सॉकेटात जाणार कसा?

मार्लिस : आर्डिसचंच काम! चर्चच्या कॉफीच्या बंबाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. बाई गेली, पण पहारा चालूच.

व्हर्ना : हळू बोल. वर तिचीच प्रार्थना चाललीय.

मार्लिस : आणि ती संपली की अख्खं गाव कॉफीला इथे खाली तळघरात उतरेल. मिनेसोटात कॉफीविना मयत उरकलेली कुणी ऐकलीय? थांब, प्लगच कापते.

व्हर्ना : खबरदार! उघडी तार लावून आणखी एक मयत करशील.

मार्लिस : मग पातेल्यात कर.

व्हर्ना : गावजेवणाची कॉफी पातेल्यात? लोक म्हणतील, व्हर्नाला साधी कॉफी जमेना. जन्मभर तिने मला कप विसळायला उभं केलं. आज पहिल्यांदा माझी पाळी आलीय गं.

मार्लिस : पण मुळात त्या पट्ट्यांना भोकं ठेवतात तरी कशाला मेले?

(जिन्यावर बूट वाजतात. व्हर्ना घाईने घड्याळ बघते. लोक इतक्यात आले? पण उतरतो तो आर्डिसचा नवरा हार्लन, एकटाच, एक मूठ घट्ट मिटून.)

हार्लन : जुन्या सॉकेटात आत उंचवटे असायचे. ते भोकांत बसायचे, म्हणजे प्लग निसटायचा नाही. आता सॉकेटची पकडच घट्ट असते. भोकं राहिली आपली सवयीने.

मार्लिस : हार्लन! तुम्ही वर नको का?

हार्लन : आर्डिसलाही माझ्या हार्डवेअरच्या दुकानात हेच सांगितलं होतं. नीट ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, छान, आता तुझ्याकडचं सगळ्यात लहान कुलूप दे.

व्हर्ना : म्हणजे काडी तुम्हीच लावलीत!

हार्लन : कबूल. म्हणून तर किल्ली घेऊन आलो.

व्हर्ना : मग द्या ना. मूठ उघडा.

हार्लन : देतो गं. सकाळपासून देतोच आहे. हे कुलूप निघालं की ती खरंच गेली.

व्हर्ना : मग राहू दे. मार्लिस, पातेली काढ.

मार्लिस : अगं, पण लोक...

व्हर्ना : म्हणू देत लोकांना काय म्हणायचं ते.

हार्लन : नको, व्हर्ना. घे, उघड तू. फक्त एक ऐक माझं.

व्हर्ना : सांगा. अगदी तिच्यासारखीच करू?

हार्लन : अजिबात नको. चांगली कडक कर. तिची म्हणजे नुसतं पाणी. जन्मभर प्यालो, बोलायची छाती झाली नाही.